बासष्ट पावलांवरची काळी खोली

आधीच सांगून टाकते, मला इतिहासाचं काडीचंही प्रेम नाही. दहावीला इतिहासात मला बेचाळीस मार्क पडले होते आणि त्यातले निम्मे 'जोड्या लावा'ने दिलेले होते. पुढं मायक्रोबायोलॉजी घेऊन बी.एस्सी. झाले आणि सनावळ्यांशी संबंध संपला. तरीही गेल्या हिवाळ्यात दौंडातली एक जुनी वास्तू वाचवण्याची चळवळ माझ्या नावावर जमा झाली. आमच्या भागातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'इतिहासप्रेमी हर्षदाताई' म्हणून माझा फोटोसुद्धा फिरला. त्यात माझे डोळे मिटलेले आहेत.

खरी गोष्ट अशी, की माझं प्रेम इमारतीवर नव्हतं, अंतरावर होतं.

आमच्या दारापासून अंगणवाडी बासष्ट पावलं. ही पावलं मी मोजलेली आहेत, माझी वेगळी आणि साडेतीन वर्षांच्या करिश्माची वेगळी. तिची एकशे अठरा होतात, वाटेत कुत्रं भेटलं तर एकशे चाळीस. स्टेशनच्या मागच्या अंगाला एक काळ्या दगडाची बैठी खोली आहे. जाड भिंती, उंच छप्पर, दोन खिडक्या. तिला सगळे काळी खोली म्हणतात. कुणी बांधली, कशाला बांधली, कुणाला ठाऊक नाही. भिंतींवर आता गाजर, बदक आणि हात धुणारा मुलगा रंगवलेला आहे आणि आत आमची अंगणवाडी भरते.

त्या खोलीवर डिसेंबरातल्या एका मंगळवारी नोटीस चिकटली. इमारत धोकादायक आहे, पंधरा दिवसांत रिकामी करावी. जागेवर व्यापारी गाळे होणार होते आणि अंगणवाडी मोरीपलीकडच्या एका हॉलमध्ये जाणार होती.

मोरी म्हणजे रेल्वेखालचा बोगदा. पावसाळ्यात तिथं पाणी साचतं आणि हिवाळ्यात ऊस साचतो. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून तिथून जातात. ड्रायव्हरला मागची ट्रॉली दिसत नाही, मागच्या ट्रॉलीला काहीच दिसत नाही. त्या मोरीतून एकशे अठरा पावलांची मुलगी रोज दोनदा न्यायची, या विचारानं मला त्या दिवशी दोन घास गेले नाहीत.

"अगं, सगळ्यांचीच पोरं जातील की," संपत म्हणाले. संपत माझे यजमान, कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जातात. दिवसभर अॅसिडच्या टाक्यांशेजारी उभं राहून घरी आल्यावर त्यांना जगात धोका म्हणून काही दिसतच नाही.

गुरुवारी पालकांची मीटिंग झाली. आमच्या सेविका दीक्षाताई तशा शांत बाई. पोरांची वजनं, लसी, खिचडी, रजिस्टरं, सगळं एकट्या ओढतात. त्यांची माझ्याबद्दल एकच तक्रार होती, ती त्यांनी मीटिंगमध्येही बोलून दाखवली. "हर्षदाताई, पोरगी सोडल्यावर घरी जात जा. तुम्ही अर्धा अर्धा तास खिडकीत उभ्या राहता, पोरं फळ्याकडं बघायचं सोडून तुमच्याकडं बघतात. परवा मी 'खिडकीत काय दिसतं' विचारलं, तर सगळी म्हणाली, करिश्माची आई."

पालक हसले. मी अर्धा तास उभी राहत नाही, वीस मिनिटं राहते, पण अशा वेळी आकडेवारी देण्यात अर्थ नसतो. अपमान गिळायला काहीतरी मोठं बोलणं भाग होतं. मी म्हणाले, "ते राहू द्या. मुख्य मुद्दा हा, की ही इमारत ऐतिहासिक आहे. ती अशी पाडता येत नाही."

हे वाक्य माझ्या तोंडातून कसं आलं, मला आजही सांगता येणार नाही.

"पुरावा काय?" पप्पूशेठनी विचारलं. पप्पूशेठचा मुलगा करिश्माच्याच वर्गात. ते हातगाडीवर मोबाईलची कव्हरं विकतात आणि होणाऱ्या गाळ्यांतला कोपऱ्यावरचा त्यांनी मनात धरून ठेवला होता. मनात म्हणजे, पाटीचा रंगसुद्धा ठरला होता.

मी दाराशेजारच्या दगडाकडं बोट दाखवलं. छातीच्या उंचीवर भिंतीत एक गुळगुळीत चौकोनी दगड आहे. त्यावर काहीतरी कोरलेलं आहे एवढं हाताला लागतं, डोळ्यांना दिसत नाही. सव्वाशे पावसाळ्यांनी अक्षरं पुसली असावीत. हा सव्वाशेचा आकडाही मी त्याच मीटिंगमध्ये तयार केला.

"म्हंजी शिलालेखच हाय की," मल्हारी आप्पा म्हणाले. आप्पा संपतचे चुलत चुलते, काळ्या खोलीसमोरच राहतात. तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे, आता ओट्यावर बसून सगळ्या आळीला हाकतात. "सूनबाई शिकल्याली हाय. ती अर्ज करंल."

आणि सूनबाईनं अर्ज केला.

सरकारी अर्जाला आपल्या भावना कळत नाहीत, त्याला रकाने असतात. पहिला रकाना, इमारतीचं नाव. मी 'काळी खोली' लिहिलं. पहिल्या कचेरीतले क्लार्क म्हणाले, हे नाव नाही, वर्णन आहे. शिवाय ही जागा त्यांची नव्हतीच, दुसऱ्या कचेरीची होती. दुसऱ्या कचेरीत सांगितलं की जागा त्यांची, पण वरची इमारत पहिल्या कचेरीची. म्हणजे पाडायला दोघंही मालक होते आणि वाचवायला एकही नव्हता. तिसऱ्या कचेरीतल्या बाईंनी मात्र अर्ज घेतला, कारण करिश्मानं त्यांच्या टेबलावर ओकारी केली आणि आम्ही लवकर जावं अशी त्यांची इच्छा होती.

"वयाचा पुरावा जोडा," त्या नाकाला पदर लावून म्हणाल्या.

"मुलीचा?"

"इमारतीचा. इमारत जुनी असल्याचं सांगणारा एखादा म्हातारा माणूस चालेल. सोबत त्याचं आधार कार्ड."

म्हातारा माणूस घरचाच होता. आप्पांनी छाती पुढं काढून सांगितलं, "मी नव्वदीचा हाय. मी जल्मलो तवा खोली हुतीच, आन् तवाबी काळीच हुती." मी ते जसंच्या तसं टाइप करून घेतलं. मग आधार कार्ड पाहिलं. जन्मतारीख एक जानेवारी, आणि सालाप्रमाणं आप्पा अडुसष्ट वर्षांचे निघाले.

"आप्पा, हे काय?"

"त्या पोरानं इचारलं, जल्म कवाचा. मी म्हनलं, लिही तुला पटंल त्ये."

आळीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे वाढदिवस एक जानेवारीला आहेत, हे मला त्या आठवड्यात कळलं. एवढे लोक एका दिवशी जन्मले तेव्हा सुईणीचं काय झालं असेल. असो. कागदोपत्री आप्पा अडुसष्ट, म्हणून इमारतही अडुसष्टच्या पुढं सरकेना. आता सगळं त्या दगडावर येऊन थांबलं होतं. त्यावर साल सापडलं तर इमारत वाचणार, नाही तर मोरी.

एवढ्यात पुण्याहून जुन्या इमारतींच्या विभागातून एका साहेबांचा फोन आला. ते गुरुवारी बघायला येणार होते. "तोपर्यंत दगडाला काही करू नका," ते म्हणाले. "धुऊ नका, घासू नका, काही लावू नका." मी तीन वेळा हो म्हणाले आणि घरोघरी जाऊन तेच तीन वेळा सांगून आले. मग कॅलेंडर पाहिलं. नोटिशीचे पंधरा दिवस मंगळवारी संपत होते. म्हणजे मध्ये एक बुधवार उघडा पडत होता.

"बुधवारी जेसीबी येतोय," पप्पूशेठनी मला आपुलकीनं सांगितलं. "दहा वाजता. पोरगीला घेऊन या, पोरांना बघायला आवडतं."

बुधवारी मी सकाळी नऊलाच कागदांची फाईल घेऊन निघाले. बासष्ट पावलांतलं पन्नासावं पाऊल टाकलं आणि तिथंच थांबले.

दगड लाल झाला होता.

नुसता लाल नाही, शेंदरी. वरून खाली बोटभर जाडीचा शेंदूर, त्यातून तेल ठिबकतंय. वर चांदीचे दोन डोळे चिकटवलेले, समोर नारळ, उदबत्ती आणि झेंडूचा हार. शेजारी मल्हारी आप्पा हात पुसत उभे.

"आप्पा, हे कोण?" मी म्हणाले.

"म्हसोबा हाय," आप्पा म्हणाले. "आता यू दे जेसीबी."

"आप्पा, त्या दगडाला काही लावायचं नव्हतं. मी तुम्हाला तीनदा सांगितलं."

"तू दगडाचं सांगितलंस. ह्यो आता दगड कुठं ऱ्हायलाय?"

जेसीबी बरोबर दहाला आला. चालवणारा बिहारकडचा होता. त्यानं मशीन बंद केलं, खाली उतरला, चप्पल काढली आणि विचारलं, "माताजी हैं क्या?"

"म्हसोबा हाय," आप्पा म्हणाले.

"जो भी हैं. हम नहीं तोड़ेंगे." त्यानं हात जोडले, कपाळाला शेंदूर लावून घेतला आणि मशीन मागं वळवून नेलं. मी दोन आठवडे चार प्रतींत जे करू शकले नव्हते, ते एका पुडीनं दोन मिनिटांत झालं. मला आनंद व्हायला हवा होता. पण उद्या साहेब येणार, आणि आमचा एकुलता एक पुरावा देवाच्या पोटात.

बरं, देव झाला म्हणजे प्रश्न संपत नाहीत, सुरू होतात. दुपारपर्यंत आळीतल्या बायका नारळ घेऊन आल्या. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, देवस्थानात अंगणवाडी कशी चालेल, तिथं तर अंडी शिजतात. आप्पांनी ते वाचून घेतलं आणि म्हणाले, "म्हसोबाला बोकड लागतो. अंड्याला त्यो काय नावं ठेवणार." पण संध्याकाळपर्यंत मंदिर बांधायच्या गोष्टी निघाल्याच. त्यात पुढाकार पप्पूशेठचा. सकाळी गाळ्यासाठी इमारत पाडायला निघालेला माणूस दुपारी तिच्याच समोर नारळ आणि मोबाईलची कव्हरं शेजारी शेजारी मांडून बसला होता. "देवासमोर खोटं बोलू नये," ते मला म्हणाले, "गाळ्यापेक्षा ही जागा चालते."

मला मात्र समोर नवीनच संकट दिसलं. इमारत पडली तरी मोरी, आणि देऊळ झालं तरी मोरीच.

दीक्षाताई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मी त्यांची माफी मागायला गेले.

"तुम्ही कशाला माफी मागता," त्या म्हणाल्या. "आमचं घर बावीस प्रतिज्ञांचं. मी दगडाला हात जोडणार नाही, आणि कुणी जोडत असेल तर त्याचा हात धरणार नाही. फक्त नारळाचं पाणी माझ्या वजनकाट्यावर सांडायचं नाही. आज सगळी पोरं दोनशे ग्रॅम जास्त भरली." मग म्हणाल्या, "आणि खिडकीत उभं राहणं सोडा."

गुरुवारी अकरा वाजता साहेब आले. बारीक, चष्मेवाले, हातात भिंग. दगडासमोर उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले.

"लेख कुठं आहे?"

"देवाखाली," मी म्हणाले.

"अर्जासोबतच्या फोटोत देव नव्हता."

"काल झाला, साहेब."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "हे पुसावं लागेल," ते म्हणाले, "पण मी नाही पुसणार. मागं एका गावात मी पुसलं होतं." पुढं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्यांचा हात नकळत कानशिलाकडं गेला.

सगळे एकमेकांकडं बघू लागले. पप्पूशेठना अचानक नारळ मोजायचे आठवले. संपत नाईट करून थेट आलेले, ते म्हणाले मला झोप आलीय. मी मायक्रोबायोलॉजीची पदवीधर. आयुष्यभर स्लाइडी पुसल्या, पण त्या दोन चांदीच्या डोळ्यांसमोर माझा हात उठेना. घरात लहान मूल असलं की माणूस विज्ञानाशीही जरा सांभाळून वागतो.

"कौल लावू," आप्पा म्हणाले.

"आप्पा, कालच्या देवाला आज कौल?"

"देव कालचा आसंल. रीत जुनी हाय."

आप्पांनी झेंडूच्या दोन पाकळ्या दगडाच्या दोन अंगांना चिकटवल्या. उजवी पडली तर पुसायला परवानगी, डावी पडली तर नाही. सगळे श्वास रोखून बघत राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आप्पांनी तेल इतकं सढळ वापरलं होतं, की एकही पाकळी पडेना. अर्ध्या तासानं साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांची पुण्याची गाडी दीडची होती.

"देव इचारात पडलाय," आप्पा म्हणाले. मग दाराकडं वळले. "दीक्षा, तूच पूस बाई. तुजं आन् ह्याचं काय वैर न्हाई, आन् काय देणंघेणंबी न्हाई."

"नंतर मला कुणी बोलायचं नाही," दीक्षाताई म्हणाल्या.

"मी हितं उभा हाय. कोन बोलतंय बघतो."

दीक्षाताईंनी फळा पुसायचं फडकं आणलं. आधी दोन्ही डोळे काढून नीट आप्पांच्या तळहातावर ठेवले. मग पोराचं नाक पुसावं तसा दगड पुसायला घेतला. एकदा, दोनदा, तीनदा. वरचा शेंदूर फडक्याला आला, पण कोरलेल्या खाचांत बसलेला तिथंच राहिला. आणि जी अक्षरं मला कधी दिसली नव्हती, ती लालभडक होऊन एकेक करून वर येऊ लागली, पाटीवर आत्ताच कुणी गिरवल्यासारखी.

साहेबांना भिंगाची गरजच उरली नाही. "असं करायचं नसतं," ते पुटपुटले, "पण वाचता फार छान येतंय." आणि मोठ्यानं वाचू लागले.

"प्लेग इस्पितळ. सन १८९८."

आतून एकोणीस पोरांचा आवाज येत होता, एक ते दहा आकडे, सहा गाळून.

"नातलगांनीं बाहेर थांबावें," साहेब वाचत होते. "लहान मुलांस आंत आणूं नये."

सगळ्या माना हळूहळू माझ्याकडं वळल्या. इमारत ऐतिहासिक आहे, असं मी म्हणाले होते. ती होती. माझा सव्वाशेचा आकडासुद्धा जवळपास बरोबर आला होता. दहावीनंतर इतिहासात मला पहिल्यांदाच पूर्ण मार्क पडले होते आणि माझी मुलगी प्लेगच्या इस्पितळात बसून खिचडी खात होती.

साहेब मात्र हरखले होते. अशी जागा फार कमी ठिकाणी उरलीय, म्हणाले, ही आता पाडता येणार नाही. तसा कागदच त्यांनी तिथं बसून लिहिला. देऊळही बांधता येणार नाही, दगड काढता, झाकता किंवा रंगवता येणार नाही. अंगणवाडी चालेल, चालायलाच हवी, माणसं वावरली तरच इमारत टिकते. फक्त पालकांची लेखी संमती लागेल. "पहिली सही अर्जदाराची," असं म्हणून त्यांनी पेन माझ्यापुढं धरलं.

मला पाठ होतं, की प्लेगचा जंतू उन्हा-वाऱ्यात टिकत नाही. सव्वाशे वर्षांत तर त्याचा पत्ताही राहत नाही. परीक्षेत हे लिहून मी दहापैकी आठ मिळवले होते. पण पेन काही पुढं सरकेना.

"मोरी का प्लेग?" संपत हळूच म्हणाले. "ठरव काय ते. मला झोपायचंय."

मी आप्पांकडं पाहिलं. ते दगडाकडं बघत होते, तळहातावर अजून ते दोन चांदीचे डोळे.

"आप्पा, तुम्हाला ह्याच दगडाला शेंदूर लावायचं कसं सुचलं?"

"माजी आजी," आप्पा म्हणाले. "मेंढरं घिऊन हितनं जाताना ती रोज थांबायची. ह्या दगडाला हात लावायची आन् कपाळाला लावायची. मी इचारलं, हितं कोन देव हाय? ती म्हनायची, हाय कोनतरी. धाकटी आसताना मी लई आजारी हुते, हितनंच पायानं चालत भायेर आले. मला वाटलं नवस आसंल." त्यांनी नाक ओढलं. "म्हंजी ती ह्या आतनं आलती."

दीक्षाताईंनी त्यांना आतून पाणी आणून दिलं. आप्पा ते अंगणवाडीच्या बारक्या गडूनं प्यायले.

मी सही केली. माझ्यामागं सगळ्या पालकांनी केली, पप्पूशेठनीही. त्यांनी नारळ गुंडाळले आहेत. कव्हरांची गाडी मात्र तिथंच आहे, कारण पुण्याहून कुणी ना कुणी लेख बघायला येतं आणि येणाऱ्या प्रत्येकाकडं मोबाईल असतो. आप्पांनी डोळे आपल्या देव्हाऱ्यात नेऊन ठेवले. मी त्या आठवड्यात काळी खोली दोनदा फिनेलनं पुसली. याला काही शास्त्रीय आधार नाही, मला माहीत आहे.

सोमवारी करिश्माला सोडलं आणि सवयीनं खिडकीकडं वळले. दीक्षाताई दारात आल्या. नुसतं त्या दगडावरच्या तिसऱ्या ओळीवर, 'नातलगांनीं बाहेर थांबावें'वर, बोट ठेवलं.

"आई, बाई काय दाखवतायत?" करिश्मानं विचारलं. "काय लिहिलंय तिथं?"

मी मुलीशी खोटं बोलत नाही. चौथी ओळ वाचायची वेळ यायच्या आत मी तिसरी वाचून दाखवली, पिशवी उचलली आणि निघाले. घरापर्यंत बासष्ट पावलं होतात. त्या दिवशी मी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. चाळिसाव्या पावलाला पाहिलं, ते धरायचं नाही, तिथं कुत्रं होतं.